मुलीला फिस्कची ऑफर आलीय, पण "चर्चचं कॉलेज" म्हणून घरचे घाबरतायत

ताई, प्रश्न काल रात्रीच वाचला पण फोनवरून एवढं टाइप करवेना, म्हणून आज लॅपटॉप घेऊन बसलोय. तर मुलीला अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या फिस्क युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिपसकट ऑफर आलीय, तिला जायचंय, आणि नागपूरचे मोठे दीर म्हणतात ते चर्चवाल्यांचं, ब्लॅक लोकांचं कॉलेज आहे, पोरीला बाटवतील. मी एकोणीस वर्षं नॅशव्हिलला आहे, फिस्क घरापासून गाडीनं वीस मिनिटं, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी ते चर्च प्रकरण. १८६५ ला इथलं यादवी युद्ध संपलं, त्याआधी दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. सुटलेल्या लाखो लोकांना शिकवणार कोण? सरकार थोडंफार करत होतं, पण शाळा काढायला पैसा आणि मास्तर आले ते मुख्यतः उत्तरेतल्या चर्चच्या संस्थांकडून. त्यातली एक अमेरिकन मिशनरी असोसिएशन, गुलामगिरीच्या विरोधातच १८४६ ला निघालेली. तिनं जानेवारी १८६६ मध्ये नॅशव्हिलला, सैन्याच्या रिकाम्या झालेल्या हॉस्पिटलच्या बराकीत ही शाळा सुरू केली. पहिल्या वर्गात वय वर्षं सातपासून सत्तरपर्यंतचे विद्यार्थी! आजोबा आणि नातू एकाच बाकावर मुळाक्षरं गिरवतायत असं चित्र डोळ्यासमोर आणा. (सगळीच अशी कॉलेजं गोऱ्या मिशनऱ्यांची नव्हेत हं. ओहायोचं विल्बरफोर्स १८६३ ला ब्लॅक लोकांच्या स्वतःच्या चर्चनं, एएमईनं (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल), दहा हजार डॉलरला विकत घेतलं, तो बाणा वेगळाच.)

पण खरं सांगू का, कॉलेज काढलं चर्चनं, टिकवलं मात्र पोरांनी. १८७१ मध्ये फिस्कचं दिवाळं निघायची वेळ आली होती. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट, जो गाणंही शिकवायचा, तो नऊ पोरापोरींना (हेच पुढे 'ज्युबिली सिंगर्स') घेऊन ६ ऑक्टोबरला गाण्याच्या दौऱ्यावर निघाला. बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. आईबापांची शेतात म्हटलेली देवाची गाणी त्यांना चारचौघांत म्हणायची नव्हती, ती घरची, दुखरी गोष्ट होती, लोकांपुढे कशाला मांडायची. म्हणून सुरुवातीला गोऱ्या लोकांच्या पसंतीचीच गाणी म्हणायचे आणि लोक थंड. हळूहळू आपली गाणी काढली आणि मग लोक रडायला लागले. सिनसिनाटीला झोळीत पन्नास डॉलरसुद्धा जमले नव्हते, तेही यांनी शिकागोच्या आगीत होरपळलेल्यांना देऊन टाकले, स्वतः उपाशी असताना! पुढे १८७३ ला इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियासमोर गायले. (त्याच वर्षी आपल्याकडे जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं.) त्या गाण्याच्या पैशातून १८७६ ला ज्युबिली हॉल उभा राहिला, सहा मजली इमारत. दर ६ ऑक्टोबरला कॉलेज ज्युबिली डे करतं, आधी चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनाघरात गाणं, मग त्या पहिल्या गायकांच्या थडग्यांवर फुलं. मी दोनदा गेलोय. माझ्यासारख्या नास्तिकाच्याही अंगावर काटा येतो.

आता दिरांना पटेल असा मुद्दा, म्हणजे चर्चवाल्यांची शिस्त. ती होती आणि जाचक होती. १९२० च्या दशकात मॅकेन्झी नावाचे गोरे प्रेसिडेंट होते, मोठ्या देणगीदारांना खूश करायच्या नादात त्यांनी विद्यार्थ्यांची कौन्सिल नाही, पेपर नाही, मुलींनी सुती मोजेच घालायचे, मुलामुलींनी परवानगीशिवाय बरोबर चालायचं नाही असले नियम केले. ब्लॅक लोकांचे मोठे विचारवंत ड्यू बॉइस, फिस्कचेच १८८८ चे ग्रॅज्युएट, १९२४ मध्ये तिथे येऊन भर भाषणात याच्यावर तुटून पडले. फेब्रुवारी १९२५ ला पोरं रस्त्यावर आली, प्रेसिडेंटनी पोलीस बोलावले, मग जो संप झाला तो आठवडेच्या आठवडे चालला, आणि एप्रिलमध्ये साहेबांनाच राजीनामा द्यावा लागला. १९२५ मध्ये बरं का! ह्याच ड्यू बॉइसना १९४६ ला बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं, ब्लॅक लोकांच्या वतीनं युनोकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, आणि त्यांचं उत्तरही आलं होतं.

आता नागपूर. जेम्स लॉसन नावाचा तरुण ब्लॅक मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ), कोरियाच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला, त्याला चर्चनं १९५३ ला आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात (तेही मिशनऱ्यांनीच काढलेलं) पाठवलं, खेळांचा कोच म्हणून. तीन वर्षं तिथे गांधींचा सत्याग्रह समजून घेतला. अमेरिकेत माँटगोमेरीला ब्लॅक लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यानं नागपूर टाइम्समध्ये वाचली! मी स्वतः हिस्लॉपचा, आणि हे मला कॉलेजात असताना कुणी सांगितलं नाही, नॅशव्हिलला आल्यावर कळलं, म्हणजे बघा. तर हा माणूस परत जाऊन १९५८ ला नॅशव्हिलला आला आणि फिस्कजवळच्या एका चर्चच्या तळघरात पोरांच्या कार्यशाळा घ्यायला लागला. निम्म्या पोरांनी गोऱ्या गुंडांची सोंगं घ्यायची, शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, सिगरेटचा धूर तोंडावर सोडायचा, आणि उरलेल्यांनी हात न उचलता बसून राहायचं. दर आठवड्याची तालीमच. १३ फेब्रुवारी १९६० ला १२४ विद्यार्थी गावातल्या दुकानांच्या लंच काउंटरवर जाऊन बसले, जिथे ब्लॅक माणसाला खायला मिळत नव्हतं. २७ तारखेला ८१ जणांना अटक झाली. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला, त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा सिटी हॉलवर गेला, आणि फिस्कची डायन नॅश, एकवीस वर्षांची पोर, तिनं मेयरला सगळ्यांसमोर सरळ विचारलं की हा भेदभाव चूक आहे असं तुम्हाला वाटतं का. त्याला हो म्हणावं लागलं. १० मेपासून काउंटर उघडले. जॉन लुईस, पुढे खासदार झालेले, तेही ह्याच पोरांतले, नंतर फिस्कमधूनच ग्रॅज्युएट झाले.

आता व्यवहाराचं. कॉलेज लहान आहे, हजाराच्या आसपास विद्यार्थी, म्हणजे प्रोफेसर नावानं ओळखतात, दांडी मारली तर लक्षात येतं. अशा कॉलेजांत ब्लॅक नसलेले विद्यार्थीही असतात, एकेकाळी टेनेसीत गोऱ्या-काळ्यांनी एकत्र शिकायला कायद्यानं बंदी होती, पण ती केव्हाच गेली. फिजिक्सवाल्यांसाठी इथल्याच व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीबरोबर मास्टर्स करून पीएचडीकडे जायचा प्रोग्रॅम २००४ पासून आहे, मुलगी सायन्सची असेल तर त्याची जरूर चौकशी करा. पैशाची चणचण मात्र ह्या कॉलेजांच्या पाचवीला पुजलेली. फिस्ककडे चित्रकार जॉर्जिया ओकीफनं १९४९ ला दिलेला चित्रांचा खजिना आहे, त्यातला अर्धा वाटा २०१२ मध्ये आर्कान्सासच्या म्युझियमला तीन कोटी डॉलरला द्यावा लागला, चित्रं आता दोन्हीकडे आलटून पालटून असतात. तेव्हा स्कॉलरशिप चारही वर्षांची आहे का, रूम आणि मेस धरून आहे का, हे लेखी घ्या. चॅपलला जावं लागतं का तेही विचारून घ्या, फोनवर नको, ईमेलवर.

परिसराबद्दल लोक काहीबाही सांगतील. फिस्कजवळचा जेफरसन स्ट्रीट एकेकाळी गाण्याबजावण्यानं गजबजलेला होता, गिटारवाला जिमी हेंड्रिक्स वाजवायचा तिथे, मग १९६० च्या दशकात हायवे बरोब्बर त्या वस्तीच्या पोटातून काढला आणि रया गेली. रात्री एकटीनं फिरू नये हे कुठल्याही अमेरिकन शहरात सांगतात तेच.

शक्य असेल तर ज्युबिली डेच्या सुमाराला मुलीला घेऊन या, एअरपोर्टवर मी घ्यायला येतो, जेवण आमच्याकडे. आणि ते दीर नागपूरचे ना? कुठल्या कॉलेजात शिकले ते एकदा विचाराच. हिस्लॉपचे निघाले तर मला नक्की कळवा.