दादाचं टेनिस, आजोबांची बाग आणि तुझी सही

प्रिय धाकटी,

संमतीपत्रावर आत्ता सही करू नकोस. बाकीचं बोलूच, पण हे आधी.

तुझ्या पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. रत्नागिरीजवळचं गाव, आजोबांनी लावलेली हापूसची कलमं. दादा एकवीस वर्षांचा, चौदाव्या वर्षापासून टेनिससाठी पुण्यात. जागतिक क्रमवारीत तो हजाराच्या पलीकडे आहे. त्याच्या परदेशातल्या स्पर्धांसाठी बाबा बाग विकायला निघालेत आणि तू नुकतीच अठराची झालीस म्हणून तुझीही सही हवी आहे. तुला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय, त्यावर उत्तर मिळालं, 'यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू.' आणि शेवटी तू विचारलंस, 'मी दादावर जळते का?'

नाही गं. त्याच्या मॅचचा स्कोअर बघत रात्र जागवतेस असं तूच लिहिलंयस. तुला राग आलाय तो घरातल्या वाटणीचा, आणि तो रास्त आहे.

आता बाबांचा हिशेब बघू. दादा ज्या एम15 स्पर्धा खेळतो, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी, तिथे सगळ्या खेळाडूंत मिळून 15,000 डॉलर वाटले जातात. एकेरी जिंकणाऱ्याच्या हाती त्यातले साधारण 2,160 डॉलर येतात. पहिल्याच फेरीत हरलेल्याला 156 च्या आसपास, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये, आणि त्यातूनही कर कापला जातो. पात्रता फेरीत हरला तर काहीच नाही. आणि विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग (जाळीच्या तारा बदलणं) हे सगळं ज्याचं त्याने करायचं. ट्युनिशियातल्या मोनास्टिरला किंवा तुर्कीतल्या अंताल्याला मुलं आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतात, कारण तिथे एकापाठोपाठ एक स्पर्धा असतात. मुख्य फेरीतला एक सामना जिंकला की क्रमवारीचा एक गुण मिळतो, आणि तो गुणही 52 आठवड्यांनी गळून पडतो. यंदा कमावलेलं पुढच्या वर्षी पुन्हा कमवावं लागतं.

म्हणूनच बाग विकायच्या मी विरोधात आहे. टेनिसचा खर्च दरवर्षी नव्याने उभा राहतो. बाग मात्र एकदाच विकता येते. ते पैसे दोन हंगामांत संपतील, तिसऱ्या हंगामाला दादाही रिकामा आणि घरही. मोहोर गळो, तुडतुडे पडोत, बाग दरवर्षी थोडंफार तरी हातावर ठेवते.

बाबा सुमित नागलचं उदाहरण देतात म्हणालीस. खरं आहे ते. 2023 मध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू असूनही खात्यात 900 युरोच उरलेत, असं त्याने सांगितलं होतं, आणि जानेवारी 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने 31व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. मलाही त्या मुलाचं फार कौतुक आहे. पण खात्यात ते 900 युरो होते तेव्हा तो जगात पहिल्या दोनशेंत होता. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट जागा मिळते ती साधारण पहिल्या शंभरांना, आणि घर चालेल असा पैसा तिथून पुढे. दोनशेच्या आत असलेल्याची ही ओढाताण, तर दादाला अजून किती चढायचंय ते बाबांनी स्वतः कागदावर मांडावं.

पण तुम्हा तिघांच्या भांडणात दादाला कोणी विचारलंय का? पत्रभर शोधलं, त्याचं स्वतःचं एक वाक्य सापडलं नाही. आपल्यासाठी बाग जाणार हे त्याला ठाऊक आहे का? सात वर्षं एकट्याने बाहेर राहिलेल्या मुलाला 'मी दमलोय' हे बाबांना सांगणं सगळ्यात अवघड जातं. त्याला फोन कर, मॅच नसेल त्या दिवशी. आरोप नको. 'दादा, तुला अजून खेळायचंय का?' एवढंच विचार आणि गप्प बस. हो म्हणाला, तर वर्षाची मुदत आणि खर्चाची मर्यादा घरात ठरवा, हवं तर एका हंगामापुरती बाग कराराने द्या. नाही म्हणाला, तर मार्ग आहेत. ऋतुजा भोसले आणि अर्जुन कढे हे आपले टेनिसपटू अमेरिकन कॉलेजांतून खेळले, दादासाठी ते वय बहुधा निघून गेलं. पण प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे, खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के राखीव जागा आहेत. प्रमाणपत्रं नियमात बसतात का, ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारता येईल.

तुझ्या हक्काबद्दलही बोलते, कारण पत्रात तू 'माझा काय संबंध' असं लिहिलंस. संबंध आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. बाग त्यात मोडते की आजोबांची स्वकष्टार्जित होती, मृत्युपत्र होतं का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सातबारा आणि फेरफार घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. आईला बरोबर ने. कोर्टात जा असं मी म्हणत नाही. कशावर सही मागतायत ते तुला कळलेलं असावं, इतकंच. आणि बाबांना तोंडावर सांग, 'बाबा, दादाचं खेळणं मी अडवत नाहीये, पण बाग विकायला माझी संमती नाही.' ते चिडतील. दोन दिवस घरात कोणी बोलणार नाही. ते सोस.

कॉलेजचं मात्र पुढच्या वर्षावर टाकू नकोस. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून घ्यावा लागतो. तू यात बसतेस का, ते कॉलेजात विचारून घे. बसत असशील तर बाबांकडे मागायचा खर्च वसतिगृह, जेवण आणि पुस्तकांपुरता उरेल. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज याच आठवड्यात कर.

तुझी,
मावशी