लॉटरीच्या बक्षिसावर टीडीएस कापला गेला असेल, तरी ते आणि शिकवणीची कमाई विवरणपत्रात दाखवावी लागते का?

होय, दोन्ही दाखवावे लागते. आपण लिहिले आहे की २०२५-२६ या आर्थिक वर्षात आपल्याला २ लाखांची लॉटरी लागली, त्यातले १ लाख ४० हजार खात्यात जमा झाले आणि नोकरी सांभाळून आपण शिकवण्याही घेता. कर कापला गेला म्हणजे विषय मिटला, हा समज विवरणपत्रे भरण्याच्या कामात मला वारंवार भेटतो. पण टीडीएस ही करापोटी आधीच जमा झालेली रक्कम असते, हिशेब विवरणपत्रातच पुरा होतो.

आधी बक्षिसाचे पाहू. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५ बीबीनुसार लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते, टीव्हीवरील बक्षिसांचे खेळ यांतून मिळालेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. कापताना मात्र उपकर धरला जात नाही. आपले ६० हजार कापले गेले, प्रत्यक्ष देणे ६२,४०० रुपयांचे आहे, म्हणजे २,४०० रुपये अजून भरायचे आहेत. विवरणपत्रात उत्पन्न म्हणून पूर्ण २ लाखच लिहावेत. खात्यात आलेले १ लाख ४० हजार लिहिले, तर वार्षिक माहिती विवरणातील, म्हणजे एआयएसमधील, आकड्याशी मेळ बसणार नाही आणि विचारणा होण्याची शक्यता वाढेल.

या रकमेला कसलीच सूट नाही. पगार करमुक्त मर्यादेच्या आत असला तरी बक्षिसावर पहिल्या रुपयापासून कर लागतो, गुंतवणुकीसाठी मिळणाऱ्या कलम ८० सीसारख्या वजावटी त्यातून मिळत नाहीत आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी कलम ८७ एची सवलतही या कराला लागू होत नाही. वर्षभर काढलेल्या, न लागलेल्या तिकिटांचे पैसे तर सोडाच, ज्या तिकिटावर बक्षीस लागले त्याची किंमतसुद्धा वजा करता येत नाही. (मोटारीसारखी वस्तू बक्षीस मिळाली, तर ती ताब्यात देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री आयोजकाला करून घ्यावी लागते, त्यामुळे विजेत्याला आधी स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो.)

शिकवणीचा हिशेब नेमका उलटा आहे. नियमित घेतलेल्या शिकवण्या हे व्यवसायाचे उत्पन्न असल्यामुळे पुस्तके, छपाई, जागेचे भाडे, इंटरनेटचा शिकवणीपुरता वाटा असे खर्च वजा जाऊन उरलेला नफाच करपात्र ठरतो आणि तो पगारात मिळवून नेहमीच्या टप्प्यांनुसार कर आकारला जातो. इथे एक पळवाट सर्रास वापरली जाते, ती टाळावी: निम्मी जमा नफा म्हणून दाखवण्याची कलम ४४ एडीएची सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे आणि त्या यादीत अध्यापन नाही. पालक फी रोख देत असतील आणि ती एआयएसमध्ये दिसत नसेल, तरीही ती उत्पन्नच असते. विद्यार्थ्याचे नाव, महिना आणि रक्कम एवढी नोंद वहीत ठेवली आणि खर्चाच्या पावत्या जपल्या, तरी पुष्कळ काम होते.

विवरणपत्राचा फॉर्म (आयटीआर) निवडताना जपावे. लॉटरीचे उत्पन्न आयटीआर-१ मध्येही बसत नाही आणि आयटीआर-४ मध्येही नाही. नुसता पगार आणि बक्षीस असते तर आयटीआर-२ पुरला असता, पण शिकवणी असल्यामुळे आपल्याला आयटीआर-३ भरावा लागेल. त्यातील इतर स्रोतांच्या तक्त्यात बक्षीस कोणत्या काळात मिळाले हे पाच रकान्यांत विभागून विचारले जाते. तो तपशील अंदाजाने भरू नये, कारण आगाऊ कराचा, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायच्या कराचा, हप्ता चुकल्यास लागणारे व्याज त्यावरून ठरते.

वर्षभराचे देणे टीडीएस वजा जाता १० हजार किंवा त्याहून अधिक निघत असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत आगाऊ कर भरणे अपेक्षित असते. पुढील वर्षांसाठी यापेक्षा सुटसुटीत उपाय म्हणजे शिकवणीच्या उत्पन्नाचा अंदाज कार्यालयाला लेखी कळवून तेवढा जादा कर पगारातूनच कापून घेणे.

गेल्या वर्षीची शिकवणी दाखवली नव्हती, त्याचे काय करावे, असेही आपण शेवटी विचारले आहे. सुधारित विवरणपत्राची मुदत उलटली असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरता येते. कर निर्धारण वर्ष, म्हणजे त्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष, संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत ते भरल्यास राहिलेला कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा द्यावे लागतात, पुढे हे प्रमाण वाढत जाते. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे विभागाने स्वतः शोधून काढले, तर दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून हे काम मी या वर्षीच्या विवरणपत्राच्या आधी उरकून घेईन.