रुपयाला किती रत्तल?

प्रश्न : १८७६-७८ चा दुष्काळ शिकवताना एका मुलाने विचारलं, "बाई, तो पावसाने पडला की सरकारमुळे?" इतिहासकार हे ठरवतात कसं?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, त्या पोराला माझी शाबासकी सांगा.

दफ्तरखान्यात नवा होतो तेव्हा याच दुष्काळाचा भावांचा तक्ता मी साफ उलटा वाचला. ज्वारीपुढचा आकडा उतरत चाललेला. मी वहीत खुशाल लिहिलं, 'स्वस्ताई'. शेजारच्या म्हाताऱ्या कारकुनांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, "हा मणाचा भाव आहे का?" नव्हता. रुपयाला किती रत्तल (रत्तल म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी) ज्वारी मिळते, ते तिथे लिहिलं होतं. आकडा घसरला म्हणजे ज्वारी कडाडली!

पाऊस गेला, यात वाद नाही. पण सोलापूरला आगगाडी १८६० सालीच आलेली, आणि व्यापाऱ्यांचं धान्य तिच्यातून उतरत होतं. बाजारात ज्वारी होती, मजुराकडे रुपया नव्हता. तो मिळायचा सरकारी दुष्काळी कामांवर. १८७७ च्या सुरुवातीला, व्हाइसरॉयनी दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या रिचर्ड टेंपल साहेबांनी तिथली मजुरी उतरवली : पुरुषाला दिवसाकाठी एक रत्तल धान्याची किंमत, वर एक आणा. माणसं हजारोंनी कामं सोडून गेली. सरकारी बाजूचे कागद म्हणतात, गरजच नव्हती म्हणून गेली. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेची पत्रं म्हणतात, एवढ्यात पोट भरेना म्हणून गेली.

अशा वेळी मी या भांडणात नसलेला कागद शोधतो. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याच्या चौकशीचा अहवाल काढून बघा. त्यातल्या जबान्या दुष्काळाच्या आधीच्या. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्या शेतकऱ्यांना ठाऊकच नव्हतं. शेतसाऱ्याने आणि व्याजाने कुणबी आधीच किती पोखरला होता, ते तिथे दिसतं. म्हणून माझं मत असं की पीक पावसाने बुडवलं, पण माणसं मेली त्याचा मोठा हिस्सा कर्ज, सारा आणि त्या एका रत्तलाच्या खाती जातो.

वर्गात खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे, आकडे सांगाल तर जपून. सोलापूर जिल्ह्यात १८७२ ला सात लाखांवर माणसं होती, १८८१ ला सहा लाखांच्या आत. मधली सगळी मेली असं फळ्यावर लिहू नका. कितीतरी कुटुंबं गुरंढोरं घेऊन निजामाच्या मुलखात गेली होती. १८९१ ला आकडा पुन्हा सात लाखांच्या वर दिसतो. त्यात परतलेले किती आणि नंतर जन्मलेले किती, हे त्या पोरालाच विचारा.