वनौषधी, वजन आणि मॉडेलचा अंदाज

प्रश्न : एका वनौषधी गोळीवर ‘एआयने सिद्ध केलेला, वजन घटवणारा फॉर्म्युला’ असं छापलंय. विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. अशा दाव्यामागे बहुतेकदा संगणकावरची चाळणी असते. उदाहरणार्थ, लायपेज हे स्वादुपिंडातलं विकर (एन्झाइम) खाल्लेली चरबी फोडतं. ते अडवलं की काही चरबी न पचता बाहेर जाते. ऑर्लिस्टॅट हे औषध असंच चालतं. वनस्पतींमधल्या हजारो रेणूंपैकी कोणते लायपेज अडवतील याचा अंदाज मॉडेल, म्हणजे जुन्या माहितीवरून शिकलेला संगणकी प्रोग्रॅम, बांधतं, आणि प्रयोगशाळेचा बराच वेळ वाचतो. पण गोळीत तो रेणू पुरेसा आहे का, हे या चाळणीला ठाऊक नसतं. काट्यावर काय दिसेल हे तर त्याहून दूर.

प्रश्न : मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. वनौषधींच्या प्रकाशित चाचण्या गोळा करून ‘वजन घटेल की नाही’ यासाठी रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून अंदाज बांधणारं मॉडेल) चालवलं. अचूकता ९४ टक्के आली, तरी सर खूश नाहीत.

उत्तर : सरांची शंका रास्त आहे. आधी तक्त्यातल्या ओळी बघा. एकाच चाचणीचे चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याचे आकडे तुम्ही वेगवेगळ्या ओळींत भरले असतील, तर काही ओळी प्रशिक्षणात आणि त्यांच्याच बहिणी परीक्षेत गेल्या असणार. पेपर आधीच फुटला! विभागणी ओळींनुसार नको, चाचणीनुसार करा. शिवाय डोळे मिटून दर वेळी ‘घटेल’ म्हणणाऱ्या मॉडेलला किती टक्के मिळतात तेही काढा. फसलेल्या चाचण्या छापून येण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तो आकडाही भलताच चांगला निघू शकतो.

आता उत्तराचा स्तंभ, म्हणजे मॉडेलने ज्याचा अंदाज बांधायचा तो. गार्सिनिया कंबोजिया या वनस्पतीची १९९८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या : १३५ जण, १२ आठवडे, दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा, तंतुमय आहार. गार्सिनिया घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो घटलं. नुसता हा आकडा भरलात तर मॉडेल गार्सिनियाला गुणकारी ठरवेल. पण तुलनेसाठी औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांचं वजन ४.१ किलो घटलं होतं! म्हणून स्तंभात दोन गटांमधला फरक हवा. माझ्या मते, तो भरल्यावर तुमची अचूकता धाडकन खाली येईल. येऊ द्या, प्रबंधात तोच आकडा लिहा.

प्रश्न : वय, वजन, थायरॉइडचे रिपोर्ट दिले तर मला लागू पडणारी वनस्पती मॉडेल सांगेल का?

उत्तर : आज तरी नाही. प्रकाशित चाचण्यांत बहुधा गटाची सरासरी मिळते, एकेका माणसाची नोंद नाही.

प्रश्न : वनस्पतीच आहे, अपाय कसला होणार?

उत्तर : इफेड्रा वनस्पतीच होती. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००४ साली इफेड्रिन अल्कलॉइड असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे रसायन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं, तर रक्तात यकृताची विकरं वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली म्हटलंय. काही ‘शुद्ध वनौषधी’ गोळ्यांत तर बाजारातून मागे घेतलेलं सिब्युट्रामाइन हे वजन घटवण्याचं औषध सापडलं आहे. मॉडेलला दिलेली माहिती लेबलवरची. लेबलच खोटं असेल तर ते बिचारं काय करणार? अशी गोळी घेताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर ती लगेच थांबवा आणि डबीसकट डॉक्टरांकडे जा.