उन्हाळ्यात डोंगरी नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी फ्लाय फिशिंग (फ्लाय म्हणजे नकली किडा लावलेल्या गळाने मासेमारी) दुपारी केलं तर चालेल का?

दुपारी नकोच. गळ टाकण्याआधी पाण्यात थर्मामीटर धरा. तापमान २० अंश सेल्सिअसच्या जवळ गेलं की थांबा. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे झुंजून दमलेला ट्राउट सोडून दिला तरी नंतर मरू शकतो. पहाट सगळ्यात चांगली, रात्रभरात पाणी निवलेलं असतं. संध्याकाळी हवा गार लागते, पण पाणी बराच वेळ तापलेलंच राहतं. इथे पुष्कळ जण फसतात. खडकांवरून फेसाळत जाणाऱ्या धारेत मासा शोधा. पाणी कमी आणि नितळ असेल तर लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि फ्लाय यांमधला पारदर्शक दोरा, लांब, बारीक ठेवा. फ्लाय नाकतोड्यासारखी किंवा मुंगीसारखी. आणि मासा सोडायचा असेल तर कृपा करून ओल्या हातांनी, पाण्यातच सोडवा.