तीन तास वाया गेले, मॅडम

एप्रिल संपत आला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येऊ लागते. बोलणारी माणसं निरनिराळी असतात. कधी बँकेतून निवृत्त झालेले काका, कधी दोन मुलांची आई, बहुतेकदा तिशी-चाळिशीतला नोकरदार. म्हणणं मात्र एकच: "मॅडम, सिनेमाला गेलो तरी मन लागत नाही. सारखं वाटतं, एवढ्या वेळात काहीतरी उपयोगाचं झालं असतं." सिनेमाच्या जागी कुणाला दुपारची झोप सांगायची असते, कुणाला माहेरपण. एका बाईंना मैत्रिणीशी तासभर फोनवर गप्पा मारल्या की अपराधी वाटायचं, म्हणून त्या बोलता बोलता कपाट आवरायला घ्यायच्या. गप्पा संपेपर्यंत कपाट लख्ख, आणि मैत्रीण काय म्हणाली ते निम्मं आठवत नाही.

अशा माणसांना बाकीचे जे सांगतात ते मलाही पाठ आहे. फोन बाजूला ठेव, निवांत बस, आजचा दिवस जग. वाईट सल्ला नाही तो, पण ज्याला निवांत बसता येत नाही त्याला 'निवांत बस' सांगून काय होणार? म्हणून एका तरुणाची गोष्ट लिहिते आहे. नाव, गाव, तपशील बदललेले आहेत, आणि त्याच्या तोंडी आणखी एक-दोघांचं बोलणंही मिसळलं आहे. त्याला आपण निखिल म्हणू.

निखिल पुण्याजवळ हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत, वय सदतीस. आल्या आल्या म्हणाला, "मला अरे-तुरे करा." मग मोबाइल काढून मला एक तक्ता दाखवला. पाचला उठणं, ध्यान, वीस पानं वाचन, दहा हजार पावलं, रात्री रोजनिशी. समोर हिरव्या टिकांची माळ. दोन रविवारी टीक नव्हती, ते मला त्यानेच बोट ठेवून दाखवलं. माझ्या आधी.

त्याचा एक छंदही होता, शेअर बाजाराचा. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला, लॉकडाऊन लागलं, आणि घरबसल्या लाखो जणांनी शेअर ठेवायचं डिमॅट खातं उघडलं, त्यातला हा एक. घरखर्च, गृहकर्जाचा हप्ता, म्युच्युअल फंडातली एसआयपी सगळं वेगळं आणि जागच्या जागी. छंदासाठी दोनेक लाख बाजूला काढलेले.

इथे मी नेहमी थोडी थांबते आणि चौकशी करते, कारण पुढचं सगळं या उत्तरांवर ठरतं. उधारी करून पैसे लावलेत का? बायकोपासून काही लपवलं आहे का? फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरच्या जोखमीच्या सौद्यांत, आहेस का? गेलेला पैसा भरून काढायला दुप्पट लावतोस का? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात होते. या प्रश्नांना 'हो' म्हणणारा माणूस छंदाबद्दल बोलत नसतो. त्याला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक देते. निखिलची उत्तरं सगळी 'नाही' होती, आणि पुढे त्याच्या बायकोच्या बोलण्यातूनही तेच दिसलं.

मग तो आला कशासाठी? ४ जून २०२४ च्या दुपारसाठी.

लोकसभेच्या निकालाचा दिवस. मुलीची सुट्टी संपत आली होती, लहान मुलांचा एक सिनेमा तिला दाखवायचं बरेच दिवस राहून गेलं होतं, म्हणून याने रजा काढली आणि मंगळवारी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. बाजार साडेतीनपर्यंत चालू. त्या दिवशी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, एका क्षणी सहा हजारांहून जास्त अंशांनी खाली गेला होता, बंद होताना ४,३९० अंशांनी. निखिल पाणी आणायला म्हणून उठला. परत आला. पुन्हा उठला. रात्री मुलगी आजीला सिनेमाची गोष्ट सांगत होती, "मग तो हत्ती नदीत उतरला, मग बाबा पाणी आणायला गेला, मग हत्तीला त्याची आई सापडली, मग बाबा परत पाणी आणायला गेला…"

"सगळे हसले," निखिल म्हणाला. "मीपण हसलो. पण मला सांगा, मॅडम, नुकसान तर झालंच होतं, वर तीन तासही वाया गेले. घरी असतो तर निदान काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस?"

"बघितलं असतं."

"बघून?"

तो गप्प झाला. त्या दोन लाखांतलं त्याने त्या दिवशी काहीही विकलं नव्हतं, विकायचा विचारही नव्हता.

सारखं बघण्याने काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा जवळपास दुप्पट बोचतं, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचं काम त्यानेच मला समजावून सांगितलं. मग रोज बघणाऱ्याला दुःखाचे प्रसंग जास्त वाट्याला येतात, हा हिशेबही त्याने मांडला. अमेरिकेतल्या हजारो गुंतवणूकदारांच्या खात्यांचा बार्बर आणि ओडीन या प्राध्यापकांनी केलेला अभ्यासही त्याने वाचला होता. १९९१ ते ९६ या काळात बाजार वर्षाला १७.९ टक्के देत होता, तेव्हा सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या हाती ११.४ टक्के पडले. सगळं वाचून, समजून हा दिवसातून कितीतरी वेळा मोबाइलवरचं शेअर बाजाराचं ॲप उघडत होता. माहितीची कमतरता असलेली माणसं माझ्याकडे फारशी येतच नाहीत.

त्याची बायको एकदा सोबत आली. ती वैतागलेली नव्हती, हे मला विशेष वाटलं. म्हणाली, "चांगला आहे हो तो. फक्त मी विनोद सांगितला तरी म्हणतो, यातून शिकण्यासारखं काय आहे माहितीये?"

मी त्याला पुढच्या वेळी त्याची एक्सेलची फाइल आणायला सांगितलं. शेअर बाजार मला कळत नाही, पण माझे वडील पतपेढीत हिशेबनीस होते, आणि वह्यांमध्ये आकड्यांपेक्षा शेरे बघायची सवय मला तिथून लागली. निखिलच्या फाइलीत तारीख, भाव, संख्या, नफा-तोटा असे रकाने होते, आणि अगदी उजवीकडे एक रकाना: रिमार्क.

४ जूनसमोर लिहिलं होतं, "तयारी नव्हती. बेशिस्त." त्याच आठवड्यात बाजार उसळला, शुक्रवारी ७ जूनला सेन्सेक्स तोवरच्या सर्वोच्च पातळीवर बंद झाला, त्याचे दोन लाखही जागेवर आले. त्या दिवसासमोर काय असेल? "मंगळवारी घ्यायला हवं होतं. हिंमत नाही."

"वर जा," मी म्हटलं. तो वर सरकवत गेला. भाव पडला तिथे "अभ्यास कमी". भाव चढला तिथे "उशिरा घेतलं". नफ्यात विकलं तिथे "लवकर विकलं, संयम नाही". एके ठिकाणी नुसतं "ढ".

"निखिल, यात 'बरं झालं' असं कुठे लिहिलं आहेस का?"

"असेल ना."

"शोध."

त्याने शोधलं. २०२३, २०२२, २०२१. पंखा फिरत होता, तो माउसचं चाक फिरवत होता. मी अजिबात बोलले नाही. नवीन समुपदेशकांना मी हे आवर्जून सांगते, की अशा वेळी समोरच्याची दया येऊन मध्ये बोलू नका. तो अगदी पहिल्या ओळीपर्यंत गेला, एप्रिल २०२० पर्यंत, आणि तिथे थांबला.

"नाहीये," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पडला तरी नापास, चढला तरी नापास."

"कोण पडला?"

"शेअर."

"आणि नापास कोण?"

तो हसला, पण डोळे भरले होते. "हा रकाना शेअरचा नाहीच आहे, मॅडम."

इथे माझा कल सांगायला हरकत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेला आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेला विवेकनिष्ठ विचार मी मानते, आणि इतकी वर्षं इतकी माणसं पाहिल्यावर जास्तच मानते. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, कृतीला गुण द्यावेत, करणाऱ्याला देऊ नयेत. 'हा शेअर घाईत घेतला' हे तपासता येतं, सुधारता येतं. 'मी ढ' याचं काय करणार? ते फक्त उगाळता येतं.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट लख्ख दिसली, आणि तेव्हापासून ही तक्रार मी निराळ्या कानांनी ऐकते. या माणसांना वेळ वाया गेल्याचं दुःख नसतं. निखिल रोज कितीतरी वेळ ॲपवर घालवत होता, त्याची त्याला टोचणी नव्हती, कारण तिथे प्रत्येक मिनिटाला लाल किंवा हिरवा निकाल लागत होता. लालही चालत होता. पाच वाजताची टीक, वीस पानं, पावलं, सगळ्यांना निकाल आहे. सिनेमाला नाही. अंधारात तीन तास बसल्यावर आपण पास की नापास हे कुणी सांगत नाही, आणि ज्याने आपली किंमत रोज ठरवून घ्यायची सवय लावली आहे त्याला ते तीन तास सोसत नाहीत. सुधारणा हवी ही इच्छा छान आहे. पण सुधारल्याशिवाय मी चालण्यासारखाच नाही, हा हट्ट मागे असेल तर ध्यानसुद्धा दंडासारखं होतं.

हे सगळं मी त्याला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. गृहपाठ दिला. एकट्याने एका सिनेमाला जायचं. परीक्षणं वाचून नाही, चांगला असेल अशी खात्री करून नाही. जो त्या वेळी लागला असेल तो. त्यातून काही शिकायचं नाही, त्यावर काही लिहायचं नाही, कुणाला 'बघ' किंवा 'बघू नको' सांगायचं नाही. मुद्दाम निरुपयोगी तीन तास.

पुढच्या वेळी तो अभिमानाने मोबाइल दाखवत आला. सवयींच्या तक्त्यात नवी ओळ: "सिनेमा". समोर हिरवी टीक.

मला हसू आवरलं नाही. त्यालाही कळलं, जीभ चावून त्याने ती ओळ तिथल्या तिथे पुसली. "पण गेलो होतो," म्हणाला. "भयंकर होता सिनेमा. अर्ध्या तासात हात खिशाकडे जायला लागला. आता उठावं, आता उठावं असं झालं. घाम फुटला, खरंच सांगतो."

"मग काय झालं?"

"काही नाही. मध्यंतर झालं."

हे उत्तर मला फार आवडलं. अस्वस्थ वाटणं टळावं म्हणून आपण किती काय काय करतो, आणि बसून राहिलं तर मध्यंतर होतं! नंतरच्या अर्ध्यात तो दोन वेळा मोठ्याने हसला, असं त्यानेच सांगितलं. कशाला हसला ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यातूनही त्याने काहीतरी धडा काढला असता.

बाजाराचं काय, हा प्रश्न आलाच. मी त्याला छंद सोडायला सांगितलं नाही, कारण कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचताना त्याचा चेहरा खरोखर खुलतो. रंगाच्या कंपनीला कच्चं तेल महाग झालं की घाम का फुटतो, हे तो मला रंगवून सांगायचा, आणि मलाही ऐकायला मजा यायची. त्या बोलण्यात भाव नव्हता, शेरा नव्हता. हाच त्याचा छंद. ॲप हा छंद नव्हताच. तेव्हा आम्ही ठरवलं ते साधं होतं. ॲपच्या सूचना बंद. भाव बघायचा तो शनिवारी, बाजार बंद असताना, चहा घेत, म्हणजे बघून लगेच काही करायचा मोहच नाही. निर्णय घेतला तर का घेतला ते दोन ओळींत लिहायचं, त्यात 'मी' हा शब्द आला तर खोडायचा. रिमार्कचा रकाना त्याने स्वतःहून उडवला. त्याआधी एकदा त्याची प्रिंट काढून बायकोला वाचायला दिली, हे मला मागाहून कळलं. तिने वाचून एवढंच विचारलं, "हे सगळं तू स्वतःला म्हणतोस?"

तुमचंही असं होत असेल तर तक्ते फाडून टाकायची गरज नाही. पाचला उठा, पावलं मोजा. फक्त एकदा बघा, टीक चुकली त्या दिवशी तुम्ही मनात स्वतःला काय म्हणता. 'उद्या बघू' म्हणत असाल तर काहीच अडचण नाही, हे वाचणं सोडून सिनेमाला जा. पण एखादा शब्द असा असेल, जो तुम्ही शेजाऱ्याच्या मुलालाही कधी म्हणणार नाही, तर तो कागदावर लिहा आणि कुणाला तरी वाचून दाखवा. समुपदेशकच हवा असं नाही. आणि असे सगळे प्रयत्न करूनही झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटेनासा झाला असेल, तर ही तक्रार निराळी आहे. मग डॉक्टरांना भेटायला उशीर करू नका.

निखिल हल्ली क्वचित येतो. मागच्या मे महिन्यात आला होता तो मुलीबद्दल विचारायला. तिला त्याने सुट्टीत तीन शिबिरांना घातलं होतं. कोडिंग, वक्तृत्व आणि अबॅकस. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "कोडिंग आणि वक्तृत्व काढलं मी. अबॅकसवाले पैसे परत देत नाहीत, म्हणून तेवढं चालू आहे."