पितळी स्टँडवर सांडलेलं मेण कसं काढायचं?

दिवाळीतल्या मेणबत्त्यांचं मेण स्टँडवर थिजलंय म्हणताय, तर आधी ती खरवडायला घेतलेली सुरी खाली ठेवा, पितळेवर चरे पडले की कायमचे. स्टँड तासभर फ्रीजरमध्ये टाका, मेण आकसतं आणि जाड थर नखानेच टकाटक निघतो, मी तुळशीबागेतून आणलेल्या स्टँडचं असंच काढलं, फक्त नक्षीच्या खाचांतलं चिकटून राहिलं. त्याला कडक पाणी, मेण साधारण ५०-६० डिग्रीला वितळतं म्हणजे पाणी उकळतं असायची पण गरज नाही, ५-१० मिनिटं बुडवून ठेवलं की आपोआप वर तरंगतं. पण ते पाणी मोरीत ओतू नका हां, गार झालं की वर पापडीसारखा थर धरतो तो उचलून कचऱ्यात, नाहीतर पाइप तुंबतो (आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी हा पराक्रम करून झालाय, प्लंबरने ऐकवलं ते वेगळंच). स्टँडला लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) असेल तर मात्र कडक पाणी आणि चिंच दोन्ही नको, हेअर ड्रायर कमीवर ठेवून जुन्या सुती कपड्याने पुसा. बाकी साध्या पितळेला शेवटी भांड्याचा साबण, मग चिंच-मीठ नाहीतर पितांबरी, आणि लगेच कोरडं करा.